‘म्हणे’ गाळलं की

भाऊबीजेला लाखनीला मावशीकडे होतो. २०२५ची दिवाळी. ‘वन पंच मॅन’चा तिसरा सीझन १२ ऑक्टोबरला सुरू झाला होता, दोन भाग येऊन गेले होते आणि मी एकही पाहिला नव्हता. मुद्दाम. दोन मावसभाऊ आणि त्यांचा शेजारचा मित्र यांच्यासोबतच पाहायचं ठरवलं होतं. या तिघांना ॲनिमेच्या नादी मीच लावलं. आधीचे दोन्ही सीझन मीच दाखवले आणि मग वर्षभर फोनवर, व्हॉट्सॲपवर, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच पालुपद चालवलं: तिसरा येऊ द्या, मग बघा.

फोन टीव्हीला जोडला. मधे चिवड्याची परात. पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग पोरं आपसात बोलायला लागली, आणि ॲनिमे चालू असताना पोरं आपसात बोलायला लागली की समजून जायचं. पडद्यावर माणसं उभी राहून बोलत होती, फक्त ओठ हलत होते. आता मारामारी होणार असं वाटायचं, तेवढ्यात कॅमेरा एका स्थिर चित्रावरून सावकाश फिरायचा. एका ठिकाणी गारो, म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही सगळे थांबलो होतो तो खलनायक, डोंगरउतारावरून खाली येतो. पाय हलत नाहीत, अंग हलत नाही. चित्र आहे तसं ठेवून नुसतं खाली ओढलेलं.

“दादा, हा तं सरकून रायला,” धाकटा म्हणाला, आणि तिघंही हसून लोळले. नंतर कळलं की त्या घसरगुंडीवर जगभर असंच हसून झालं होतं.

मोठा आधी सावरला. तो अकरावीत आहे. म्हणाला, “तू पाह्यला होता का हे?”

“नाही रे. आजच पाहतोय, तुमच्यासोबत.”

“मंग सांगत कोनत्या भरवशावर होता?”

मी चिवडा खाल्ला.

भरवसा कुठून आला होता, ते सांगतो. २०१५ साली ‘मॅडहाउस’ या स्टुडिओनं पहिला सीझन केला. दिग्दर्शक शिंगो नात्सुमे. बारा भाग. त्या माणसाच्या शब्दाखातर जपानमधले एकाहून एक फ्रीलान्स ॲनिमेटर त्या कामावर आले होते, आणि ते पडद्यावर दिसतं. ॲनिमेशन म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम; एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी एका सेकंदाच्या मारामारीला डझनभर चित्रं लागतात, आणि ती काढायला हात लागतात. २०१९च्या दुसऱ्या सीझनला स्टुडिओ बदलला, ‘जे. सी. स्टाफ’ आला, दिग्दर्शक बदलला. हात बदलले. फरक तेव्हाच दिसला होता. तिसऱ्याची घोषणा २०२२मध्ये झाली, तो आला २०२५मध्ये, त्याच स्टुडिओकडून. म्हणजे पाटी तीच होती, आचारी केव्हाच गेला होता, आणि मी पोरांना सांगत होतो की भाजी पहिल्यासारखीच होणार.

यात अजून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ट्रेलर मी पाहिला होता. ट्रेलरमध्येही चित्रं फारशी हलत नव्हती. लोक तेव्हाच बोलायला लागले होते. आणि मी स्वतःच्या डोळ्यांना समजावलं: ट्रेलर आहे, काम अजून चालू असेल, खरी ताकद राखून ठेवली असेल. जे पाहिलं ते बाजूला ठेवलं आणि जे ऐकलं ते उचलून धरलं.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांना हसू आवरेना. “सहा वर्सं थांबला? एका टकल्यासाठी?” आमच्या जिल्ह्याला वाट पाहणं शिकवावं लागत नाही. पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी केलं ते २२ एप्रिल १९८८ला. ३७२ कोटींचा अंदाज होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. या काळात माणसं जन्मली, म्हातारी झाली, गावं उठली, कालव्याचं पाणी ‘येत्या वर्षी’ येत राहिलं. त्यापुढे माझा अपेक्षाभंग म्हणजे पोरखेळ, हे मान्य. पण बाबांच्या हसण्यामुळेच मला एक गोष्ट दिसली. धरणाबद्दल बोलताना त्यांच्या तोंडात कायम एक शब्द असतो. “पुढच्या उन्हाळ्यात काम पुरं होते म्हने.” “इकडं बी पाट येते म्हने.” इतकी वर्षं ऐकतोय, पण ‘म्हने’ त्यांनी कधी गाळलं नाही.

‘म्हणे’ हा आपल्या भाषेतला फार प्रामाणिक शब्द आहे. वाक्याच्या शेपटीला बसतो आणि सांगतो की हे माझं नाही, ऐकीव आहे, खरं-खोटं तुम्ही पाहा. ‘सिनेमा चांगला आहे’ आणि ‘सिनेमा चांगला आहे म्हणे’ यांत अक्षरं दोनच जास्त, पण पहिल्या वाक्याला मी जामीन आहे आणि दुसऱ्याला नाही. हाइप म्हणजे दुसरं काही नसतं. शेकडो लोक एकच वाक्य पुढे ढकलत असतात आणि वाटेत कुठेतरी एकेक जण ‘म्हणे’ खाली पाडतो. कोणी खोटं बोलत नाही. प्रत्येकानं खरंच ऐकलेलं असतं. फक्त माझ्यापर्यंत येईस्तोवर ती बातमी साक्ष होऊन गेलेली असते.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. आपण जन्मभर जे ‘माहीत आहे’ म्हणून वागवतो, त्यातलं बहुतेक याच खात्यातलं असतं. टोकियो मी पाहिलेलं नाही, पण ते आहे याबद्दल मला शंका नाही. पण न्यायदर्शन एक अट घालतं. सांगणारा ‘आप्त’ असला पाहिजे. वात्स्यायनानं भाष्यात त्याचा अर्थ खुलासेवार दिलाय: ज्यानं ती वस्तू स्वतः जाणलीय आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. म्हणजे जात, दर्जा, फॉलोअर किती, याचा संबंध नाही. प्रश्न एकच, आणि तो लाखनीच्या अकरावीतल्या पोरानं विचारला तोच: पाह्यला होता का?

आजच्या मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. शब्दानं घेतलेलं हे वळण मला त्या दिवसापासून छळतंय. पोरांनी माझं ऐकलं ते मी दुसऱ्या अर्थानं आप्त होतो म्हणून. पहिल्या अर्थानं मी कोणीच नव्हतो.

कोणी म्हणेल, जाहिरातच खोटी असेल तर दोष जाहिरात करणाऱ्याचा. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याकडच्या मंडईत आहे. ज्यांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो, त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. धान निघायला लागलेलं असतं, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक असतं. पहाटेपर्यंत चालणारं. बऱ्याच कंपन्या वडशाच्या. नाटकाची गाडी भोंगा लावून गावागावातून फिरते आणि भोंग्यातला माणूस प्रत्येक नाटकाबद्दल तेच सांगतो: काळीज पिळवटून टाकणारं, तुफान गाजलेलं, पाहाल तर रडाल, न पाहाल तर पस्तावाल. यानं आजवर कोणी फसलंय असं मी पाहिलं नाही. भोंग्याला पैसे मिळालेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. भोंगा ‘म्हणे’ म्हणत नाही, कारण तो भोंगा आहे हेच त्याचं ‘म्हणे’.

लोक विचारतात ते वेगळ्याच माणसाला. काल रात्री पलीकडच्या गावी तेच नाटक पाहून, डोळे तांबारलेले घेऊन चहाच्या टपरीवर बसलेल्याला. तो म्हणतो, “दुसऱ्या अंकात झोप लागते, पन शेवट भारी.” आणि त्यावर गाव ठरवतं. भोंगा आणि टपरी यांच्यात अंतर आहे तोवर सगळं ठीक चालतं. घोटाळा होतो तो टपरीवरचा माणूस भोंग्यासारखा बोलायला लागला की. मी वर्षभर तेच केलं, तेही फुकटात. कंपनीनं निदान भोंगेवाल्याला भाडं दिलं असतं.

गंमत म्हणजे ‘वन पंच मॅन’ मुळात टपरीच्याच जोरावर मोठा झाला. २००९मध्ये ‘वन’ या टोपणनावाच्या माणसानं तो वेबकॉमिक म्हणून नेटवर टाकायला सुरुवात केली. चित्रं अगदी शाळकरी. वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी. तरी वाचणाऱ्यांनी वाचून दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. युसुके मुराता हा तोवर नावाजलेला चित्रकार. त्यानंही वाचलं आणि २०१२पासून वनच्या साथीनं ते नव्यानं काढायला घेतलं. म्हणजे त्या काळात हे नाव पुढे नेणाऱ्या माणसांनी वाकडीतिकडी चित्रं स्वतः पाहिली होती आणि ‘चित्रं वाईट आहेत, पण वाच’ असं सांगितलं होतं. वाईट चित्रं तेव्हाही होती. २०२५मध्ये त्याहून कितीतरी सफाईदार चित्रांवर जग चिडलं. काही अंशी बरोबर चिडलं. वनच्या वेड्यावाकड्या रेघांना जो ताल आहे तो या सीझनला सापडत नाही, विनोद एक क्षण उशिरा पडतो आणि मरतो. पण चिडण्याचा मोठा हिस्सा चित्रांवरचा नव्हता. तो आपणच आपल्याला दिलेल्या वचनावरचा होता.

त्या चिडण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दिग्दर्शक शिनपेई नागाई याच्यावर सोशल मीडियावर शिव्यांचा इतका मारा झाला की त्यानं एक्सवरून निघून जायचं ठरवलं. जपानमध्ये ॲनिमे बनतो तो बहुधा निर्मिती समितीच्या पैशानं: प्रकाशक, चॅनल, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे सगळे मिळून. किती पैसा, कधी प्रसारण, किती मुदत, हे ठरतं तिथे. समितीला चेहरा नसतो, दिग्दर्शकाला असतो. मग वसुली त्याच्याकडून. अपेक्षेची उधारी मी केली, माझ्यासारख्या लाखोंनी केली, त्या माणसाला न विचारता त्याच्या नावावर लिहिली, आणि तारीख उलटली तेव्हा लाठ्या घेऊन त्याच्या दारात. मी स्वतः त्याला काही लिहिलं नाही. पण त्या रात्री पोरं हसली तेव्हा मी पहिलं वाक्य उच्चारलं ते ‘या डायरेक्टरनं वाट लावली.’ तोवर मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. गूगल करून मग शिवी पूर्ण केली.

इथे माझ्याच म्हणण्याला अडवणारं एक उदाहरण आहे. ‘उझुमाकी’. जुंजी इतोची ती भयकथा. तिच्या मालिकेची घोषणा २०१९मध्ये झाली आणि लांबत लांबत ती सप्टेंबर २०२४मध्ये आली. चारच भाग, काळ्यापांढऱ्यात. पहिला भाग मी पाहिला तेव्हा रात्री लाइट लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटलो. या वेळी ‘म्हणे’ची गरज नव्हती, डोळ्यांनी पाहिलं होतं. आठवड्यानं दुसरा भाग आला आणि पहिल्याच मिनिटाला कळलं की काहीतरी कोसळलंय. चालणारी माणसंसुद्धा बाहुल्यांसारखी. निर्मात्यांपैकी जेसन डिमार्कोनं नंतर इतपत सांगितलं की पडद्यामागे कोणीतरी दगा दिला होता आणि त्यांच्यापुढे तीनच वाटा उरल्या होत्या: काहीच दाखवायचं नाही, एकच भाग दाखवून थांबायचं, किंवा उणिवांसकट चारही दाखवायचे. काम करणाऱ्यांच्या मेहनतीचा मान ठेवून त्यांनी तिसरी वाट घेतली. मला तो निर्णय आवडला. पण माझी ग्वाही मात्र पुन्हा खोटी पडली, आणि या वेळी मी आप्त होतो!

की नव्हतो? मी एक भाग पाहिला होता आणि ग्वाही दिली चार भागांची. आप्त माणूसही त्यानं पाहिलंय तिथपर्यंतच आप्त. पुढे तो भोंगा. तांदळाच्या पोत्यात वरून मूठभर घालून पाहिलेली साक्ष तळाला लागू पडत नाही, म्हणून तर पोत्यात बंबी खुपसून मधला दाणा काढून पाहतात.

मग कशाची वाटच पाहू नये का? तसं मी म्हणत नाही. ती सहा वर्षं मजेची होती. गारो आणि सैतामा समोरासमोर येतील तेव्हा काय होईल यावर आम्ही केलेल्या चर्चा प्रत्यक्ष सीझनपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या, आणि त्या कोणी परत मागत नाही. ‘मी वाट पाहतोय’ हे वाक्य माझ्याबद्दल आहे, ते खोटं पडू शकत नाही. ‘भारी असणार’ हे जगाबद्दल आहे. दोन्ही वाक्यं एकाच आनंदात तोंडातून निघतात, म्हणून एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही.

आणि हे सगळं ज्या गोष्टीवरून चाललंय, ती गोष्टच नेमकी याबद्दल आहे, हे मला पुन्हा पहिल्यापासून पाहिल्यावर कळलं. सैतामाचं दुःख काय? राक्षस येतो, लांबलचक भाषण करतो, मी असा, माझी ताकद तशी. सैतामाच्या मनात आशा जागते की आज खरी लढत होणार. एक ठोसा, आणि संपलं. दर आठवड्याला त्याचा अपेक्षाभंग. आणि त्याच्याच जगात किंग नावाचा एक नायक आहे. पृथ्वीवरचा सर्वांत ताकदवान माणूस म्हणून त्याची ख्याती. प्रत्यक्षात घरी बसून व्हिडिओ गेम खेळणारा घाबरट माणूस. सैतामानं मारलेल्या राक्षसांजवळ तो योगायोगानं उभा असायचा, लोकांनी श्रेय त्याला दिलं, आणि भीतीनं धडधडणाऱ्या त्याच्या छातीचा आवाज लोकांना ‘किंग इंजिन’ वाटला. किंगनं सुरुवातीला खोटं सांगितलं नाही. फक्त नाही म्हटलं नाही. तो शेवटी कबूल करतो ते सैतामापुढेच, आणि सैतामा त्याला एवढंच म्हणतो की मग हो ना ताकदवान.

सैतामा मात्र एकदा धडधडीत खोटं बोलतो. सी किंगला एका ठोशात मारल्यावर गर्दीतला एक जण म्हणतो की आधी हरलेले बाकीचे नायक म्हणजे नुसते फुगे. तेव्हा सैतामा ओरडून सांगतो की त्यांनीच राक्षसाला दमवलं होतं, मी फुकटचं श्रेय घेतोय. ही खोटी साक्षच आहे. वात्स्यायन तिला मान्यता देणार नाही. मला ती मालिकेतली सर्वांत सुंदर जागा वाटते आणि ती माझ्या सगळ्या मांडणीत बसत नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आता, एका कार्टूनवरून इतकं का लागलं, ते. मोठ्यानं तो प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते मला लगेच कळलं नाही; रात्री अंथरुणं घालताना कळलं. जूनमध्ये, दहावीनंतर, मावशीनं मला फोन करून नागपूरच्या एका क्लासबद्दल विचारलं होतं. घरातला पहिला इंजिनीअर मी, माझ्या शब्दाला वजन. मी म्हणालो, “एक नंबर क्लास आहे. डोळे मिटून घाल.” मी त्या क्लासची पायरी चढलेलो नव्हतो. दोन मित्रांकडून ऐकलं होतं, आणि त्या दोघांनीही तो पाहिलेला नव्हता हे मी नंतर विचारल्यावर कळलं. पोरगा ऑक्टोबरपर्यंत गेला. एका खोलीत इतकी मुलं की मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, शंका विचारायला वेळ नाही. त्यानं तक्रार केली नाही. सुट्टीत घरी आला आणि माझ्यासोबत ‘वन पंच मॅन’ पाहायला बसला.

सकाळी मावशी अंगणात सडा टाकत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, “मावशी, तो क्लास मी पाहिला नव्हता. ऐकीव सांगितलं होतं.”

तिनं बादली खाली ठेवली नाही. “मले माईत होतं, बाबू. तू भंडाऱ्यात, क्लास नागपुरात. तू कवा पाहशील?”

“मग मला विचारलं कशाला?”

“तुझे मावसाजी नाही म्हनत होते, पोरगा हो म्हनत होता. कोनी तरी घरातल्यानं हो म्हनाले पाहिजे होतं.” मग सडा संपवून म्हणाली, “दुसरा हप्ता धानाच्या चुकाऱ्यावर हाय. चुकारा यायचा हाय अजून. तवरक तू एकदा जाऊन पाहून ये.”